विश्वास ‘ठेवतात’ की ‘बसतो’? टिळकांचं धर्मांतर वाचताना झालेली एक चूक

धर्मांतरावर काम करायचं ठरवलंत की सिनॉप्सिसमध्ये एक प्रकरण आपोआप येऊन बसतं: ‘धर्मांतराची कारणे’. माझ्याही सिनॉप्सिसमध्ये होतं. त्याखाली चार उपमुद्दे होते: सामाजिक, आर्थिक, कौटुंबिक, वैचारिक. समितीसमोर कुणी हरकत घेतली नाही. त्यामुळे चूक लक्षात यायला पुढे दीड वर्ष गेलं.

ती लक्षात आली एका मुलाखतीमुळे. सदरमध्ये राहणाऱ्या एका ख्रिस्ती आजींना मी माझ्या प्रश्नावलीप्रमाणे विचारलं, “तुम्ही येशूवर विश्वास कधी ठेवला?” त्या म्हणाल्या, “मी कुठं ठेवला बेटा, देवानं दिला.” मी वहीत लिहिलं: ‘प्रश्न टाळला. कर्तेपणाचा अभाव.’ ही नोंद अजून माझ्याकडे आहे आणि ती वाचताना मला ओशाळल्यासारखं होतं. आजींनी प्रश्न टाळलेलाच नव्हता. ज्या मुद्द्यावर चर्चमध्ये पंधराशे वर्षांहून जास्त काळ वाद चाललाय, त्यावरची आपली बाजू त्यांनी एका वाक्यात सांगितली होती. मी ते वाचलेलं नव्हतं, म्हणून मला ते ऐकूच आलं नाही.

तर आधी ते काय आहे ते बघू. नंतर ते घेऊन आपल्या नागपूरशी जोडलेल्या एका प्रसिद्ध धर्मांतराकडे, म्हणजे नारायण वामन टिळकांकडे जाऊ.

ख्रिस्ती धर्मशास्त्रात प्रश्न असा आहे: माणूस विश्वास ठेवतो, ते स्वतःच्या बळावर की तोही देवच देतो? ऑगस्टीनचं सुरुवातीचं मत होतं की विश्वास आपला, बाकीचं देवाचं. पुढे, साधारण 396 च्या सुमारास, त्याने हे मत बदललं आणि आधी आपण चुकलो होतो हे स्वतःच लिहून ठेवलं. त्याला अडवणारा प्रश्न पौलाचा होता: तुझ्याजवळ असं काय आहे जे तुला मिळालेलं नाही? 529 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या ऑरेंजच्या परिषदेने ठरवलं की विश्वासाची नुसती सुरुवात, विश्वास ठेवावासा वाटणं, हीसुद्धा कृपाच आहे. थॉमस अक्वायनस आणि कॅल्व्हिन यांचं बाकी अनेक बाबतींत जुळणार नाही, पण विश्वासाचं मूळ देवाकडे आहे हे दोघांनाही मान्य आहे.

इथे एक सूचना, कारण मी स्वतः यात फसले. या मुद्द्यासाठी सगळे इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं आठवं वचन देतात: कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण झालंय, आणि ‘हे’ तुमच्यापासून नाही, देवाचं दान आहे. मराठीत वाचलं तर ‘हे’ म्हणजे विश्वासच असं वाटतं. पण मूळ ग्रीकमध्ये ‘हे’ नपुंसकलिंगी आहे आणि ‘विश्वास’ स्त्रीलिंगी. म्हणून बऱ्याच अभ्यासकांच्या मते तिथलं दान म्हणजे तारणाची अख्खी गोष्ट, एकटा विश्वास नाही. तुम्हाला विश्वासच दान आहे असं दाखवायचं असेल तर फिलिप्पैकरांस पत्र 1:29 जास्त उपयोगाचं आहे. तिथे विश्वास ठेवणं हे दिलं गेलंय असं सरळ म्हटलंय. आणि इब्री पत्राच्या बाराव्या अध्यायात येशूला विश्वासाचा आरंभ करणारा आणि तो पूर्ण करणारा म्हटलंय. नुसतं वचन उचलून तळटीप देऊ नका, एवढंच.

आता एक गंमत बघा. मराठीत विश्वासाला दोन क्रियापदं लागतात. आपण विश्वास ‘ठेवतो’, आणि विश्वास ‘बसतो’. ठेवणारा मी असतो. बसतो तेव्हा मात्र मी काही करत नसते, तो माझ्या बाबतीत घडतो. उडतोसुद्धा तसाच, मला न विचारता. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी आहेत. लुदिया नावाच्या जांभळ्या वस्त्रांच्या व्यापारी बाईचं मन प्रभूने उघडलं, असं चौदाव्या वचनात म्हटलंय. एकतिसाव्या वचनात तुरुंगाच्या अधिकाऱ्याला थेट आज्ञा आहे: विश्वास ठेव. एकाच गावात, एकाच अध्यायात. लेखकाला त्यात विसंगती वाटलेली दिसत नाही. माझ्या प्रश्नावलीत मात्र एकच क्रियापद होतं.

आता टिळक. नागपूरचे धनिक अप्पासाहेब बुटी यांच्याकडे ते संस्कृत ग्रंथांच्या कामासाठी होते. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला. बोलणं झालं, त्याने नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. विन्स्लोने 1923 साली टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं, त्यात हा प्रसंग येतो, आणि नंतर ज्याने त्याने तो उचललाय.

या प्रसंगाचं वाचन दोन तऱ्हांनी होतं आणि मला दोन्ही अपुरी वाटतात. भाविक लेखक रेल्वेचा डबा म्हणजेच देवाची योजना असं मांडतात, की विषय संपला. आपण विद्यापीठातले लोक उलट टोकाला जातो: टिळक आधीच जातिभेदाने अस्वस्थ होते, नव्या धर्माच्या शोधात होते, डोंगरावरचं प्रवचन त्यांच्या मनात आधीपासून असलेल्या गोष्टींशी जुळलं, म्हणून ते ख्रिस्ती झाले. यात चुकीचं काही नाही. अडचण त्या ‘म्हणून’मध्ये आहे. असे अस्वस्थ, जातिभेदाला विटलेले, बायबल वाचलेले ब्राह्मण त्या काळी महाराष्ट्रात कमी नव्हते. त्यातले बहुतेक ख्रिस्ती झाले नाहीत. परिस्थितीवरून आपल्याला टिळक त्या दारापर्यंत कसे आले ते सांगता येतं. दार कसं उघडलं याबद्दल टिळकांचं स्वतःचं एक म्हणणं आहे, आणि ते आपण ऐकलं पाहिजे. मान्य करायचं की नाही हा पुढचा प्रश्न.

इथे लक्ष्मीबाई कामी येतात. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागांनी आलं. हे पुस्तक मराठीतलं उत्तम आत्मचरित्र म्हणून आपण वाचतो, त्यातल्या विनोदासाठी वाचतो. विश्वासाच्या प्रश्नावरचा पुरावा म्हणून ते क्वचितच वाचलं जातं. माझ्या मते या बाबतीत ते विन्स्लोपेक्षा फार वरचं आहे, आणि त्याचं कारण लक्ष्मीबाई समजावून सांगायला जात नाहीत हेच. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांचं जग कोसळलं. पुढे त्या टिळकांबरोबर राहायला आल्या, तरी आपलं सोवळंओवळं वेगळं सांभाळत होत्या. मग जात देवाने केली की माणसाने, असा विचार त्यांच्या मनात येतो. देवाने केली असती तर प्राण्यांच्या जातींत दिसतो तसा फरक माणसांतही दिसला असता, असं त्यांना वाटतं, आणि त्या कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवतात. हा बदल त्यांनी प्रसंग म्हणून सांगितलाय. विचार, तर्क, निर्णय, सगळं जागच्या जागी.

विश्वासाचा असा ठळक क्षण मला त्यांच्या पुस्तकात सापडत नाही. 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, टिळकांनंतर पाच वर्षांनी. पण अमुक दिवशी माझा विश्वास बसला असं काही नाही. मी आधी हा लेखनातला कच्चा दुवा समजले होते. आता वाटतं, ही बाई प्रामाणिक आहे. जिथे तिने ठरवलं तिथे तिने ‘ठरवलं’ असं लिहिलं. जे तिने केलं नाही, तिच्या बाबतीत झालं, त्याची तारीख तिच्याजवळ नव्हती.

आपल्याला हे दिसत नाही याला आपलं गावही थोडं कारण आहे. नागपूरच्या विद्यार्थ्याच्या डोक्यात धर्मांतर म्हटलं की दीक्षाभूमी येते, आणि यायलाच हवी. 1935 ला येवल्यात घोषणा, मग एकवीस वर्षांचा अभ्यास, 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षा, बावीस प्रतिज्ञा. हे धर्मांतर जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय म्हणून मांडलं गेलं आणि ईश्वरी साक्षात्काराला त्यात जागाच नाही. तिथे ‘कारणे’ हे प्रकरण शोभतं, कारण बाबासाहेबांनी कारणं स्वतः दिलीत. तीच चौकट टिळकांवर किंवा सदरच्या आजींवर ठेवली की त्या दुबळ्या दिसायला लागतात. आणि उलटंही खरं आहे: दानाची भाषा घेऊन 1956 कडे गेलात तर तोही अन्याय होईल.

मूळ देवाकडे असेल तर विश्वास कशासाठी, हा दुसरा अर्धा प्रश्न. पेत्र म्हणतो, जिवाच्या तारणासाठी. इफिसकरांस पत्रात दानाच्या वचनानंतर दोनच वचनांनी सत्कृत्यांचं नाव येतं. गलतीकरांस पत्रात प्रीतीतून काम करणारा विश्वास असं म्हटलंय. म्हणजे दान घरात ठेवून द्यायचं नाही, त्याने पुढे काहीतरी करायचं आहे. टिळकांच्या बाबतीत याचं टोक 1917 मध्ये दिसतं. त्यांनी मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त अपेक्षित होते. यावर नेहमीचं स्पष्टीकरण राष्ट्रवादाचं असतं. ते आहेच. पण माझं वाचन थोडं वेगळं आहे. विश्वास मिशनने दिला असता तर मिशन सोडणं ही कृतघ्नता ठरली असती. तो देवाने दिला असं मानलं, की मिशन पत्र आणून देणारा पोस्टमन उरतं. पोस्टमनचे आभार मानायचे, त्याच्याकडे राहायला जायचं नाही. जी गोष्ट मी ‘कर्तेपणाचा अभाव’ म्हणून नोंदवली होती, तिच्यातूनच टिळकांना गोऱ्या मिशनऱ्यांसमोर ताठ उभं राहण्याचं बळ आलं असावं.

आता तुम्ही विचाराल, मग प्रबंधात ‘देवाने विश्वास दिला’ असं लिहायचं का? नाही. ते तुम्ही सिद्ध करू शकत नाही. पीटर बर्गरने 1967 मध्ये सांगितलं की धर्माच्या समाजशास्त्रज्ञाने पद्धत म्हणून निरीश्वरवादी राहावं, आणि व्यायव्यात हे नाव घेतलं की सगळे मान डोलावतात. पण त्याचा अर्थ समोरच्याचं धर्मशास्त्र वाचायचं नाही असा आम्ही सोयीने लावतो. ‘दिलं गेलं’ हे माझं निरीक्षण म्हणून येणार नाही, त्यांचं म्हणणं म्हणून येईल, त्याच्या पूर्ण वजनासकट आणि त्याच्या अडचणीसकट.

अडचण मोठी आहे. देवच देत असेल तर काहींनाच का देतो? ऑगस्टीन यावर उत्तर देत पूर्वनियोजनापर्यंत गेला, आणि ते मला अजून गळ्याखाली उतरत नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप एका दमात म्हणतो की माझा विश्वास आहे आणि माझ्या अविश्वासाला मदत कर. तो माणूस मला ऑगस्टीनपेक्षा जवळचा वाटतो.

प्रकरणाचं नाव मी बदललं. आता ते ‘धर्मांतराची परिस्थिती आणि विश्वासाविषयीची त्यांची भाषा’ असं आहे. लांब आहे, गाईड अजून कुरकुरतात. प्रश्नावलीत ‘विश्वास कधी ठेवला’ याच्या जागी ‘विश्वासाबद्दल सांगाल का’ एवढंच ठेवलंय.

पुन्हा सदरला गेले होते. आजींना ती जुनी नोंद वाचून दाखवली. त्या हसल्या. मग मी विचारलं, “आजी, आणि ज्याला देव देत नाही त्याचं काय?” बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे मी पण विचारते त्याला. माझ्या मोठ्या मुलासाठी.” ते वाक्य मी प्रबंधात घेतलेलं नाही. त्यांना विचारूनच इथे लिहिलंय.