'झाल्याशिवाय' आणि आपली तर्कशास्त्राची पुस्तकं

मंडळी, जून लागला की कृषी विभाग सांगतो, '७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका.' जानेफळच्या सोयाबीनवाल्याला हे पाठ असतं. आता हे चिन्हांत मांडा. वर्गात निम्मी मुलं लिहायची, 'पाऊस झाला तर पेरणी योग्य.' बाण उलटा! वाक्य म्हणतं, पेरणी योग्य असेल तर पाऊस झालेला असलाच पाहिजे. पाऊस ही आवश्यक अट, पुरेशी नव्हे. वाफसा पाहायचा उरतोच. आणि उलटा बाण तीस मिलिमीटरवर पेरणाऱ्याला अडवतच नाही. मग दुबार पेरणी, बियाण्याचा खर्च पुन्हा.

दोष मुलांचा नाही. मी शिकवलेली पुस्तकं 'जर-तर'पाशीच थांबायची. 'शिवाय', 'ल्यास', 'तरच' यांचं काय करायचं, ते सांगतच नसत.

'असता तर'ची गत त्याहून वाईट. 'आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं.' पूर्वांग खोटं, म्हणून सत्यता-कोष्टकात विधान खरं. ठीक. पण मग 'मामी म्हटलं असतं' हेही खरंच! हसता काय? नैयायिकांनी 'आग नसती तर धूरही नसता' याला तर्क म्हटलं, अनुमानाचा मदतनीस. प्रमाणांत बसवलं नाही. डेव्हिड लुईस यांनी तर १९७३ मध्ये अशा वाक्यांसाठी कोष्टक सोडून निराळीच मांडणी केली.