वाचाघाताची परीक्षा आणि रोजचे बोलणे

वाचाघाताच्या प्रचलित चाचण्यांत एक चित्र विशेष प्रसिद्ध आहे. गुडग्लास व कॅप्लन यांच्या १९७२ च्या बॉस्टन चाचणीतील या चित्रात आई बशी पुसत आहे, बेसिनमधून पाणी वाहत आहे आणि तिच्या पाठीमागे मुलगा स्टुलावर चढून बिस्किटे चोरीत आहे. रुग्णाने त्याचे वर्णन करावयाचे. आक्षेप चित्रावर नाही, प्रसंगावर आहे. परीक्षकाच्याही डोळ्यांसमोर तेच चित्र असते. ज्याला सर्व ठाऊक आहे त्यालाच ते सांगणे याला संभाषण कसे म्हणावे?

ऑड्रे हॉलंड यांनी १९८० मध्ये दैनंदिन व्यवहारावर चाचणी रचली आणि खुणेने दिलेले उत्तरही ग्राह्य धरले. हे पाऊल मोठेच. परंतु तेथेही परीक्षकच डॉक्टरचे सोंग घेतो.

मराठीत अडचण आणखी वेगळी आहे. दौंडच्या फलाटावर रुग्ण नुसते ‘आली’ म्हणाला तर ती आगगाडी; शिरूरच्या स्थानकावर एस.टी.; घराच्या ओसरीवर कदाचित सासरहून आलेली लेक. कर्ता गाळूनही क्रियापद त्याचे लिंग व वचन सांगते, उरलेला अर्थ स्थळ पुरविते. वाक्यातील शब्द मोजणारी गुणपद्धती येथे त्या मनुष्यावर अन्याय करील. उलट ‘आली’च्या जागी ‘आला’ आले, तर केवढे बिघडले हेही तिला उमगणार नाही.

मग घरातील बोलणेच प्रमाण मानावे काय? चार्ल्स गुडविन यांनी १९९५ मध्ये अभ्यासिलेल्या गृहस्थाजवळ ‘होय’, ‘नाही’, ‘आणि’ या अर्थाचे तीनच इंग्रजी शब्द उरले होते. तरीही सुरावट, हावभाव व घरच्यांचे तर्क यांच्या बळावर तो संभाषणात भाग घेई. येथेच माझी शंका आहे. ‘अहो, पाणी हवंय का?’ असे पत्नीने विचारले आणि यजमान ‘हं’ म्हणाले, तर त्यातील श्रेय कोणाचे? केवळ रुग्णाचे शब्द टिपणारी नोंद येथे निरुपयोगी होय. अंदाज कोणी केला, तो कितव्या वेळी जुळला आणि चुकीचा अंदाज त्यांनी नाकारला की नाही, हेही लिहिले पाहिजे. माझ्या मते नकारालाच अधिक मोल द्यावे.

हा वाद केवळ गुणांचा नाही. वाचा गेली म्हणजे समजही गेली असे घरच्यांनी धरले, की जमिनीच्या वाटणीत त्या मनुष्याला कोणी विचारीत नाही. म्हणून दुसरी नोंद पत्नी जवळ नसताना, अनोळखी कंडक्टरकडून तिकीट घेताना व्हावी.