सोळा सुरांची एक केबल

वेंडी कार्लोस यांनी १९६८ साली ‘स्विच्ड-ऑन बाख’ हा अल्बम केला, तेव्हा मूगच्या मॉड्युलर सिंथेसायझरमधून एका वेळी एकच सूर निघत असे. बाखच्या रचनेत तर तीन-चार ओळी एकमेकींत विणलेल्या. मग एकेक ओळ वेगळी वाजवून टेपवर घ्यायची आणि तिच्यावर पुढची चढवायची. त्या तबकडीत प्रत्येक ओळीला स्वतःचा पोत आहे, त्यात या नाइलाजाचाही वाटा आहे.

हा नाइलाज आता उरला नाही. ‘रिअॅक्टर’ या सॉफ्टवेअरमध्ये बहुसुरांची सोय फार आधीपासून होती, पण तारा जोडण्याचा मूळ अनुभव जपून ती दिली ‘व्हीसीव्ही रॅक’ने. जून २०१९ मध्ये या मोफत सॉफ्टवेअरची १.० आवृत्ती आली आणि तिच्यासोबत पॉलिफोनिक केबल. पडद्यावर जरा जाड दिसणारी एकच तार, आत सोळापर्यंत स्वतंत्र व्होल्टेज. चार पट्ट्या दाबल्या की एकच ऑसिलेटर आतल्या आत चार होतो.

पण अनेक सूर एकदम वाजणे म्हणजे नेमके काय? पेटीवर तीन सूर धरले तरी भाता एकच. हवा वाढली की तिन्ही फुगतात, ओसरली की तिन्ही विझतात. तंबोऱ्यात पंचमाचा नाद विरण्याआधीच जोडाची तार बोलू लागते. प्रत्येकीचे उठणे-विरणे तिचे तिचे. सगळ्या ऑसिलेटरांना मिळून एकच फिल्टर, एकच एन्व्हलप (सुराचे उठणे-विरणे ठरवणारा भाग) असलेला पॅच, म्हणजे तारांची जोडणी, पेटीच्या जातीचा. त्याला पॅराफोनिक म्हणतात. प्रत्येक सुराला या दोन्ही गोष्टी स्वतःच्या मिळाल्या, की पॅच तंबोऱ्याच्या घरात गेला. नवशिके इथेच फसतात. सूर कधी सुरू आणि कधी बंद हे सांगणारी गेटची केबल एकसुरी राहिली, तर तेच व्होल्टेज सगळ्या सुरांना वाटले जाते आणि सोळा सूर असूनही भाता एकच उरतो.

तंत्र जमले आहे, कान मात्र मागे राहिला, असे मला वाटते. १९७५च्या ओबरहाइम फोर व्हॉइसमध्ये चार पूर्ण छोटे सिंथेसायझर शेजारी-शेजारी बसवलेले होते, प्रत्येकाच्या कळा वेगळ्या. चौघे तंतोतंत जुळणे कठीण, आणि त्या न जुळण्यातच त्याचा भरदार आवाज होता. सॉफ्टवेअरमधल्या प्रती हुबेहूब असतात. त्यांच्यावर लांबलचक कॉर्ड धरायची आणि भरपूर रिव्हर्ब ओतायचा, असे पॅच उदंड झाले आहेत. ऐकायला गोड, पण आत कोणी एकमेकांशी बोलत नाही. सोळा स्वतंत्र सूर हाताशी असताना त्यांचा उपयोग नुसत्या कीबोर्डसारखा व्हावा, याचे मला वाईट वाटते.

खरी गंमत कीबोर्ड बाजूला ठेवल्यावर सुरू होते. ‘मर्ज’ मॉड्यूलमध्ये चार वेगवेगळी व्होल्टेज घालून एक केबल काढा: पंचम, जोडाच्या दोन, खर्ज. एन्व्हलपचा उतार लांब ठेवा, चार गेट एकामागून एक येऊ द्या आणि प्रत्येक सुराच्या फिल्टरला थोडे निराळे व्होल्टेज द्या. जोडाच्या दोन सुरांत फक्त एक हजारांश व्होल्टचा फरक ठेवा. काळी एकच्या जोडाला तेवढ्याने दर दहा-अकरा सेकंदांनी एक संथ लाट उठते, आणि ती ऐकू यावी म्हणून तुम्ही रिव्हर्ब स्वतःहून कमी करता.