कॅटरिना : अंदाज बरोबर, हिशेब चूक

चक्रीवादळ हे 'नैसर्गिक आपत्ती'चे उदाहरण म्हणून आपण वर्गात सहज सांगून जातो. २९ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेतील लुइझियाना राज्यावर आदळलेल्या कॅटरिनाला हे नाव देताना मात्र जरा थांबावे लागते.

हवामानशास्त्रज्ञांनी आपले काम चोख केले होते. वादळ न्यू ऑर्लिन्सच्या आसपास धडकेल, हे सुमारे अडीच दिवस आधी सांगितले गेले. त्याच्याही वर्षभर आधी, जुलै २००४ मध्ये, सरकारी अधिकाऱ्यांनी 'पॅम' नावाचे काल्पनिक वादळ गृहीत धरून पाच दिवस रंगीत तालीम केली होती. लाखभर लोकांकडे वाहन नसेल, हे तेव्हाच लक्षात आले होते. पुढे काय झाले? महामार्गाच्या दोन्ही बाजू बाहेर जाणाऱ्या मोटारींना खुल्या केल्या. ही योजना उत्तम चालली. पण शहर सोडण्याचा सक्तीचा हुकूम निघाला आदल्या दिवशी सकाळी, आणि मोटार नसलेल्यांची रवानगी झाली सुपरडोम या क्रीडागृहात. शाळांच्या बसगाड्या उभ्या जागी बुडाल्या.

शहराचा बराच भाग समुद्रसपाटीखाली आहे. कालव्यांच्या काठी मातीचे बांध, त्यांत ठोकलेले पोलादी पत्रे आणि वर काँक्रीटची भिंत, अशी रचना होती. पाणी भिंतींवरून आले, असा आधी समज होता. सेव्हन्टीन्थ स्ट्रीट कालव्यावर तसे घडलेच नाही. पाणी माथ्याला लागण्यापूर्वीच भिंत कलली, तिच्या आणि बांधाच्या मध्ये फट पडली. फटीत पाणी शिरले. द्रवाचा दाब खोलीबरोबर वाढतो, हा तर आपला शाळेतलाच नियम! तो दाब तळापर्यंत पोचला आणि खालची मऊ चिकणमाती भिंतीसकट सरकली. अशा अनेक खिंडारांमुळे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. लष्कराच्या अभियंता दलाने २००६ मध्ये रचनेतील दोष मान्य केला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीचा अहवाल आला. त्याचे नाव 'पुढाकाराचे अपयश' असे. त्यातील ताशेरे कडक आहेत, योग्यही आहेत. नाव मात्र पटत नाही. पुढाकार हा ऐनवेळच्या धडाडीचा गुण. मातीची ताकद मोजणे, बसगाड्या आणि चालक यांची बेरीज करणे, ही कामे कित्येक महिने आधी, शांतपणे टेबलाशी बसून करायची असतात. लुइझियानातील मृतांपैकी जवळजवळ निम्मे ७५ वर्षांच्या पुढचे होते. त्यांच्यापैकी किती जण स्वतः मोटार हाकत बाहेर पडू शकले असते?