बालवाङ्मयाचा आरंभ आणि पहिला श्रोता

मराठी बालवाङ्मयाचा इतिहास पुस्तकांच्या यादीवरून लिहिण्याची प्रथा आहे. त्यामुळे या क्षेत्रातील अनेक लेखक मासिकांतून घडले, ही गोष्ट दृष्टीआड होते. विनायक कोंडदेव ओक यांनी 1881 साली ‘बालबोध’, वासुदेव गोविंद आपटे यांनी 1906 साली ‘आनंद’ आणि भा. रा. भागवत यांनी 1951 साली ‘बालमित्र’ सुरू केले. तिघेही एकाच वेळी संपादक व लेखक होते. ठरलेल्या पृष्ठांत मजकूर बसवावयाचा आणि पुढच्या महिन्यात त्याच वाचकापुढे पुन्हा उभे राहावयाचे, अशी ही उमेदवारी होती.

राळेगावसारख्या तालुक्याच्या गावी आज लिहू पाहणाऱ्याला ती सहसा लाभत नाही. तो हस्तलिखित सिद्ध करतो, चित्रकार शोधतो, प्रकाशक न मिळाल्यास पदरमोड करून छापतो. पुस्तक निघते, श्रोता मात्र भेटलेलाच नसतो.

ही उणीव प्रथम भाषेत उघडी पडते. या भागातील मूल शेताला वावर म्हणते, बांधाला धुरा, कपाशीला पऱ्हाटी. लेखकाच्याही घरचे शब्द हेच. तथापि लेखणी हाती येताच तो ते टाकून देतो, कारण पुस्तकाची भाषा पुण्याकडची असते असा त्याचा समज. वऱ्हाडी उरते ती विनोदी पात्राच्या तोंडी. हे तर अधिकच घातक होय. आपल्या आजीची बोली हसण्यासाठी असते, एवढेच मूल त्यातून शिकते. निवेदन प्रमाण मराठीत असण्यास हरकत नाही. परंतु वस्तूंची नावे आणि घरातले बोलणे यांत तडजोड केली की कथेतील वावरच नाहीसे होते.

कोलाम पोडावरील मुलाचा प्रश्न याहून बिकट आहे. कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. एमेनो यांचा तिच्यावरील ग्रंथ 1955 साली प्रसिद्ध झाला. या मुलाला प्रमाण मराठी दूरची, आणि वऱ्हाडीही शेजारची. त्याच्यासाठी लिहिणाऱ्याने चित्राला शोभेची वस्तू मानून चालणार नाही. अर्थाचे अर्धे ओझे त्यालाच वाहावे लागते. उरलेल्या अर्ध्यासाठी पोडावरील एखाद्या जाणत्याला सोबत घेणे प्राप्त आहे.

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’कडे या दृष्टीने पुन्हा पाहावे. तिची प्रकरणे म्हणजे रात्री आहेत. सांगणारा श्याम आणि ऐकणारे मित्र पुस्तकातच बसलेले आहेत. तिच्या भावुकतेचे अनुकरण पुष्कळ झाले, या रचनेचे क्वचितच. राळेगावच्या नवोदिताला निदान शाळेच्या मधल्या सुट्टीत हस्तलिखित वाचून दाखविता येते. कोणत्या वाक्याशी पोरे उठून गेली, ते त्याने समासात टिपून ठेवावे. मुद्रकाकडे जाण्याची घाई नंतर करता येईल.