वाळूवरची फर्माईश

गाण्यावर लिहिण्याचा मला अधिकार काय, असं कुणी विचारलं तर मी माझी बी. कॉम.ची पदवी पुढे करीन. शिवाय आमच्या शेजारच्या खोलीत एक गृहस्थ सतरा वर्षं पेटी शिकत होते. त्यांना पेटी शेवटपर्यंत आली नाही; पण मला चूक ओळखता येऊ लागली. समीक्षकाला एवढं भांडवल पुष्कळ झालं.

तर ही समीक्षा जैसलमेरच्या मरु महोत्सवाच्या शेवटच्या दिवसाची. हा महोत्सव सत्तरच्या दशकाच्या अखेरीस राजस्थानच्या पर्यटन खात्याने सुरू केला. तो माघात भरतो आणि माघी पौर्णिमेला संपतो. आधीचे दिवस गावात. गडीसर तलावापासून मिरवणूक, पागोटं बांधण्याची स्पर्धा, मिशांची स्पर्धा वगैरे. शेवटच्या दिवशी मात्र सारा लवाजमा चाळीसेक किलोमीटरवरच्या सम गावाजवळ, वाळूच्या टेकड्यांवर. रजा आणि एलएफसी यांचा मेळ घालता घालता आमचे आधीचे दिवस हुकले आणि आम्ही उभयता पोचलो ते थेट शेवटच्या दिवशी. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वर्षभरात जे होत नाही ते शेवटच्या दिवशी होतं, हे बँकेतल्या माणसाला एकतीस मार्चने शिकवलेलं असतं.

दुपारी उंटांची शर्यत झाली. धावणारा उंट पाहिला की वाटतं, याचे चार पाय चार निरनिराळ्या खात्यांतून बदलून आले आहेत आणि अजून त्यांची एकमेकांशी ओळख झालेली नाही. तरी तो पोचतो. आमच्या ब्रँचचं कामकाजही असंच चालतं, म्हणून मी उंटावर जास्त टीका करत नाही.

सूर्य मावळला आणि वाळू पाहता पाहता गार पडली. "अहो, कानटोपी घाला," असं सौ.ने तिसऱ्यांदा म्हटल्यावर मी ती घातली. समीक्षकाने कान झाकून गाणं ऐकावं का, हा प्रश्न तिला पडला नाही. तेवढ्यात समोरच्या टेकडीमागून चंद्र वर आला आणि मांगणियार गायला बसले.

हे मांगणियार म्हणजे पिढीजात गवई. धर्माने मुसलमान, आणि त्यांचे यजमान बहुतेक हिंदू, त्यातही राजपूत फार. यजमानाकडे मूल झालं की गायचं, लग्न निघालं की गायचं, आणि त्याच्या कुळातल्या पिढ्यान् पिढ्यांची नावं पाठ ठेवायची. बदल्यात धान्य, बकऱ्या, रोख. यजमान तालेवार असला तर उंटसुद्धा. बापाचे यजमान पुढे मुलांकडे येतात. थोडक्यात, हे पिढ्यान् पिढ्या चालू असलेलं खातं आहे आणि त्याचं पासबुक गवयाच्या डोक्यात असतं. ही गाणी अंगणातून बाहेर आणण्यात कोमल कोठारींचा (1929–2004) वाटा मोठा. विजयदान देथांबरोबर त्यांनी 1960 साली बोरुंदा गावी 'रूपायन' ही संस्था काढली. पुढे 2012 साली हमीरा गावच्या साकर खाँना कमायचा वाजवण्यासाठी पद्मश्री मिळाली.

कमायचा म्हणजे गजाने वाजवायचं वाद्य. आंब्याच्या लाकडाचं गोल पोट, त्यावर बकऱ्याचं कातडं आणि तातीच्या जाड तारा. आवाज घोगरा, आतल्या खोलीतून आजोबा बोलतायत असा. शेजारी खडताल. म्हणजे नुसत्या लाकडाच्या चार पट्ट्या, दोन्ही हातांत दोन दोन. आमचा कॅशियर नोटा मोजतो तेव्हा मला वाटायचं की बोटांचा वेग याहून पुढे जात नाही. तो समज समच्या वाळूत पुरला.

आता दोष. गाणाऱ्यांत मला एकही सापडला नाही. सगळे ऐकणाऱ्यांच्या बाजूला निघाले.

पहिला दोष: मागच्या बाजूच्या कुठल्याशा तंबूवाल्याने आपल्या पाहुण्यांसाठी भिंतीएवढा स्पीकर लावला होता. कमायचा काही सांगायला लागला की तिकडून ढण्णढण्ण सुरू. घरात म्हातारं माणूस बोलायला लागलं की आपण टीव्ही मोठा करतो, त्यातलाच प्रकार.

दुसरा दोष: फर्माईश. 'केसरिया बालम' एकदा झालं, सुंदर झालं. तेवढ्यात उशिरा आलेल्या मंडळींनी ते पुन्हा मागितलं. मग ज्यांचं रेकॉर्डिंग हललं होतं त्यांनी तिसऱ्यांदा. गवयाने तिन्ही वेळा हसून म्हटलं. मला आमचा काउंटर आठवला. तोच फॉर्म, तीच सही, पुढचा या.

तिसरा दोष सांगायला जीभ रेटत नाही, कारण तो माझा. मीही उत्साहाने ओरडलो, "वो 'हम दिल दे चुके सनम' का 'निंबूडा' आता है क्या?" गवयाने माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. ते गाणं मुळात त्यांचंच. 1999 साली सिनेमात गेलं. म्हणजे ज्याच्या खात्यातून रक्कम गेली त्यालाच मी विचारत होतो, की बाबा, ही तुझ्याकडे कुठून आली?

कार्यक्रम संपला. लोक जीपगाड्यांकडे पळाले. कमायचावाले म्हातारबुवा वाद्याला गवसणी घालत होते. मनातली टोचणी बुजवावी म्हणून मी शंभराची नोट घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती लगेच घेतली नाही. हिंदीत विचारलं, "आपलं नाव काय?" सांगितलं. "वडिलांचं?" सांगितलं. "आजोबांचं? त्यांच्या वडिलांचं?" तेही सांगितलं. श्राद्धाला गुरुजी तिथपर्यंतच विचारतात.

"आणि त्यांच्या वडिलांचं?"

इथे मी अडकलो. काउंटरवर बसून मी रोज लोकांचा केवायसी तपासतो. एक कागद कमी असला तर म्हाताऱ्या पेन्शनरांनाही परत पाठवतो. आणि इथे उघड्या वाळूत माझाच केवायसी अपुरा निघाला.

"तुमच्या आत्यांना माहीत होतं हो," सौ. हळूच म्हणाली.

आत्या गेल्याला तेव्हा तीन महिने झाले होते.

म्हातारबुवांनी वाट पाहिली. मग गवसणी काढली, गज उचलला आणि जेवढी नावं मिळाली तेवढीच सुरात घेतली. माझे आजोबा तलाठी होते. सातबाऱ्यावर त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची नावं लिहिली. त्यांचं स्वतःचं नाव कुणी गाऊन म्हटल्याचं मला आठवत नाही. इथे ते गोल पोटाच्या वाद्यावर घोळून निघत होतं आणि मागे तो स्पीकर चालूच होता. सौ.ने माझ्याकडे न पाहता रुमाल पुढे केला. थंडीने नाक वाहतं, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

तेव्हा या समीक्षकाचा अभिप्राय असा. ज्याच्याकडे गायला आपलं नाव नाही, त्याच्यापुढे गवई बिचारा दुसरं काय गाणार? सगळ्यांना चालेल असं 'केसरिया बालम' गाणार, आणि मागाल तितक्या वेळा गाणार. सुरांत कुठेही खोट नव्हती. आम्हीच खातं न उघडता व्याज मागायला गेलो होतो.

घरी आल्यावर मी चुलतभावांना फोन केले, जुनी ट्रंक उपसली, गावच्या गुरवाला पत्र टाकलं. नाव अजून मिळालेलं नाही. हिशेबात एखादी रक्कम कुणाची ते कळत नसलं की आम्ही ती सस्पेन्स खात्यात टाकतो आणि रोज तिकडे एक नजर टाकतो.

खापरपणजोबा सध्या तिथे आहेत.