भरावाला उघाडी नाही

कायद्याचा मसुदाही संहितेसारखा वाचता येतो. त्यात काय लिहिले आहे याइतकेच काय वगळले आहे, हेही बोलके असते. पाणथळ जागा आणि भराव यांविषयीचे आपले नियम असे वाचायचे, तर बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर हा पट्टा समोर ठेवावा.

बदलापूरवरून येणारी उल्हास नदी कल्याणजवळ खाडीचे रूप घेते. अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी उल्हासनगर ओलांडून याच खाडीला मिळते. पाण्याच्या लेखी हे एकच खोरे आहे. नियमांनी मात्र त्याचे तुकडे केले आहेत. किनारा नियमन क्षेत्राची हद्द भरतीबरोबर आत येते आणि ऐन उन्हाळ्यात खारेपणा हजारी ५ भागांखाली उतरतो तिथे थांबते. खाडीकाठचा संरक्षित पट्टा २०११च्या अधिसूचनेत १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढा होता. २०१९मध्ये त्या १००चे ५० झाले. हद्दीच्या वर, गोड्या पाण्यासाठी, २०१७चे पाणथळ नियम आहेत. पण त्यांच्या व्याख्येतून नदीपात्रे आणि भातखाचरे वगळलेली आहेत. इथले पावसाचे पाणी थबकते आणि मुरते ते तर खाचरांतच.

मग उरते पूररेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बहुतांशी बंदी आहे. निळ्या आणि लाल रेषांच्या मधल्या जमिनीवर मात्र राज्याच्या २०२०च्या एकीकृत विकास नियमावलीनुसार लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंचीवर बांधकामाला परवानगी मिळू शकते. या तरतुदीत इमारतीची काळजी आहे, नदीची नाही. ती उंची गाठण्याचा सोपा मार्ग म्हणजे भराव. एक हेक्टर जमीन एक मीटर उचलली, की १०,००० घनमीटर पाण्याची जागा जाते. ते पाणी शेजारच्या सखल चाळींत शिरते.

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह पुरात अडकली. पाऊस अतोनात होता. सगळा दोष भरावावर टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण आपले पात्र कुठवर पसरते, हे नदीने त्या दिवशी नकाशापेक्षा स्पष्ट दाखवले.

यावर कुणी म्हणेल, भर घालणे कोकणाला नवे नाही. खारजमिनी माणसानेच मिळवल्या. खरे आहे. मात्र खारबांधाला उघाडी असे. भरतीला ती मिटे, ओहोटीला उघडे आणि आतले पावसाचे पाणी खाडीत जाऊ देई. जमीन घेताना पाण्याची वाट शिल्लक ठेवण्याचा तो व्यवहार होता. आजच्या भरावाला उघाडी नसते आणि नियमही ती मागत नाहीत.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८मध्ये कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या हक्कावरील घाला ठरवला. निकाल मोलाचा आहे. पण खाडीतल्या कांदळवनाला गोडे पाणी आणि गाळ पुरवणारे वरचे खोरे बुजत असेल, तर खालचे संरक्षण अपुरे पडणारच. म्हणून परवानगी देताना जोत्याच्या उंचीबरोबर भरावाचे घनमीटरही मोजावेत आणि तेवढीच जागा त्याच पूरक्षेत्रात पाण्याला खोदून परत द्यावी. भातखाचरांना व्याख्येत जागा मिळेल तेव्हा मिळो. निदान हा हिशेब तरी आजपासून लिहिला जावा.